पापड, चिक्की आणि वेष्टनयंत्राची निवड

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लघुउद्योग, बचत गट आणि ग्रामपंचायती यांच्याशी संबंधित कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळा लागला की नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील अंगणे व गच्च्या वाळवणांनी भरून जातात. उडदाचे पापड, ज्वारीचे पापड, सांडगे, कुरडया यांची ही तयारी पूर्वी घरच्या वर्षभराच्या बेगमीपुरती असे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, २०११ साली ‘उमेद’ अभियान सुरू झाले आणि गावोगावच्या बचत गटांनी हा घरगुती माल बाजारात आणला. बाजारात माल न्यायचा म्हणजे तो पाकिटात घातला पाहिजे, आणि पाकिटाची गोष्ट निघाली की यंत्राची गोष्ट निघते. गटाच्या बैठकीत एखादी रंगीत माहितीपुस्तिका फिरू लागते. तीत चकाकणाऱ्या यंत्राचे चित्र असते आणि त्याखाली ‘मिनिटाला साठ पाकिटे’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. गटाची कित्येक वर्षांची बचत आणि बँकेचे कर्ज या एका ओळीवर खर्ची पडू शकते. यास्तव या ओळीचा अर्थ नीट लावून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम आकडेमोड करून पाहू. समजा, कंधार तालुक्यातील एका गटात बारा भगिनी आहेत आणि प्रत्येक भगिनी दिवसाकाठी चार किलो पापड लाटते. दिवसाचा एकूण माल झाला ४८ किलो. दोनशे ग्रॅमचे एक पाकीट धरले तर पाकिटे होतात २४०. मिनिटाला साठ पाकिटे बांधणारे यंत्र हे काम बरोबर चार मिनिटांत उरकील. उरलेला सारा दिवस ते झाकून ठेवावे लागेल, कर्जाचे व्याज मात्र चोवीस तास चालू राहील.

आता हेच काम हाताने चालणाऱ्या साध्या सीलरवर केले तर काय होते ते पाहावे. पिशवीचे तोंड तापलेल्या पट्टीखाली धरून मिनिटाला पाच-सहा पाकिटे सहज बंद होतात. म्हणजे चाळीस ते पन्नास मिनिटे. परंतु पापड मोजणे, वजन करणे, एखादा काढून दुसरा घालणे आणि गठ्ठा पिशवीत सरकवणे यांस पाकिटामागे अर्धा मिनिट धरला तरी दोन तास लागतात. गटाचा वेळ खरा जातो तो वजनात. पाकीट बंद करणाऱ्या यंत्राने हा वेळ कणभरही कमी होत नाही. अशा गटाला मोठ्या यंत्राऐवजी दोन चांगले इलेक्ट्रॉनिक काटे, एक ओटा आणि दोन हँड सीलर घेऊन दिले, तर थोड्या पैशात काम अधिक उरकेल.

याउलट दुसरे उदाहरण घ्या. समजा, अहमदपूर भागातील एक गट शेंगदाण्याची चिक्की करतो आणि वीस ग्रॅमची एकेक वडी सुटी गुंडाळून विकू इच्छितो. पन्नास किलो चिक्कीच्या वड्या होतात २,५००. हाताच्या सीलरवर मिनिटाला सहा या हिशेबाने जवळजवळ सात तास लागतील आणि दोन भगिनींचा पुरा दिवस त्यात जाईल. साठच्या वेगाचे यंत्र तेच काम पाऊण तासाच्या आत करील. येथे यंत्राचा विचार करण्यास आधार आहे. पापड आणि चिक्की दोन्ही चपटे, दोन्ही खाद्यपदार्थ, दोन्ही बचत गटाचेच. तरीही एकाला यंत्र भारी पडते आणि दुसऱ्याला ते उपयोगी ठरते.

चपट्या मालाचा म्हणून एक स्वभाव असतो आणि तो यंत्र घेताना सहसा कुणी लक्षात घेत नाही. डाळ, रवा, मसाला हे पदार्थ वरून ओतले की खाली पडतात. नळीभोवती पिशवी तयार करून तीत वरून माल सोडणारी उभी यंत्रे अशा सुट्या मालासाठी उत्तम. लातूरच्या डाळ गिरण्यांना अशी यंत्रे सोयीची पडतात. पण ती पाहून पापडवाल्या गटाने तसलेच यंत्र मागवले तर पापड वरून पडताना आडवे-तिडवे होतील, कडा मोडतील आणि पाकिटात चुरा दिसेल.

चपट्या वस्तूसाठी आडवे यंत्र लागते. व्यापारात त्यास ‘फ्लो रॅप’ म्हणतात. पट्ट्यावर वस्तू ओळीने ठेवतात, मागून साखळीवरच्या खुंट्या तिला पुढे ढकलतात, रोलवरून येणारी फिल्म तिच्याभोवती नळीसारखी गुंडाळली जाते, खालच्या बाजूस लांब शिवण बसते आणि शेवटी दोन तापलेले जबडे पाकिटाची दोन्ही टोके बंद करून मधोमध कापतात. बिस्किटाचा पुडा किंवा चॉकलेटची वडी आपण रोज पाहतो, ती बहुधा अशाच यंत्रातून आलेली असते. या यंत्राची मूक अट एकच आहे. प्रत्येक वस्तू मापाने सारखी हवी आणि ढकलले असता न वाकणारी हवी. साच्यात कापलेली चिक्की ही अट पाळते. हाताने लाटलेला पापड ती पाळत नाही. एक पापड काठाशी जाड, दुसरा मधे फुगीर, तिसरा किंचित लांबट असतो. खुंटीने ढकलताच पातळ पापड शेजारच्यावर चढतो किंवा पट्ट्याच्या फटीत शिरतो. वस्तू जितकी पातळ, तितका हा धोका अधिक. जबड्यात वस्तूची कड सापडली की पाकीट तर फुकट जातेच, शिवाय यंत्र थांबवून जबडे पुसावे लागतात. यंत्राचा वेग साठ असला तरी दर पाच मिनिटांनी ते थांबत असेल, तर त्या साठाला काही अर्थ राहत नाही.

आणि हाताने लाटलेला म्हणूनच गिऱ्हाईक तो पापड घेते, हेही विसरता येत नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन ज्या पापड उद्योगाचा आरंभ केला, तो ‘लिज्जत’ या नावाने देशभर पसरला. पण तेथे लाटण्याचे काम बहिणींच्या हातीच राहिले. पीठ मळून द्यावे, बहिणींनी ते घरी नेऊन लाटावे आणि वाळलेला माल तपासून घ्यावा, अशी ती पद्धत आहे. यंत्राच्या सोयीसाठी मालाचे रूप बदलावे की मालाच्या रूपाला मानवेल असे यंत्र शोधावे, हा प्रश्न म्हणून केवळ तांत्रिक नाही. लाटणाऱ्या हातांची मजुरी त्यावर अवलंबून आहे.

हँड सीलर आणि फ्लो रॅप यांच्या मधोमध एक साधन आहे, त्याची माहिती मात्र गावांत फारशी पोचलेली नाही. त्याचे नाव बँड सीलर. भरलेल्या पिशवीचे तोंड त्याच्या दोन फिरत्या पट्ट्यांत दिले की ती आपोआप पुढे सरकते, तापते, दाबली जाते, थंड होते आणि बंद होऊन बाहेर पडते. त्याच फेरीत तारीखही उमटवता येते. भरण्याचे काम हातानेच होत असल्यामुळे पापड मोडत नाहीत, आणि पिशवीचा आकार बदलला तरी यंत्रात फारसा फेरफार करावा लागत नाही. चार-पाच गटांनी मिळून माल एका ठिकाणी आणला तर पापडाला हे यंत्र पुरेसे होते. धपाटे किंवा सोलापूरकडची कडक भाकरी यांनाही तेच मानवते. धपाट्याच्या बाबतीत एक अडचण ध्यानात ठेवावी. तेलाचा हात पिशवीच्या तोंडाला लागला, किंवा पापडाचे पीठ तेथे चिकटून राहिले, तर कितीही तापवले तरी शिवण नीट बसत नाही. पिशवी वरून बंद दिसते आणि आठ दिवसांत हवा खाते. दोष बिचाऱ्या यंत्राला दिला जातो!

निर्वात पाकीट करणारी यंत्रेही हल्ली पुष्कळ दाखविली जातात. आतील हवा काढून घेतली की बाहेरच्या हवेचा दाब पिशवीवर पडतो आणि पापडासारखा ठिसूळ पदार्थ त्याखाली तडकतो. ती यंत्रे दुसऱ्या मालासाठी आहेत.

विजेचा विचार यंत्र पसंत करण्यापूर्वी व्हावा. तो बहुधा यंत्र येऊन पडल्यावर होतो. हँड सीलर आणि लहान बँड सीलर घरगुती सिंगल फेज जोडणीवर चालतात. मोठ्या यंत्रांना पुष्कळदा थ्री फेज लागते, काहींना दाबाची हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही लागतो आणि त्याची किंमत माहितीपुस्तिकेतील किमतीत धरलेली नसते. गावठाणातील वीज आणि शेतीपंपांची वीज यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, हे येथील पंचायत सदस्यांना सांगायला नको. जबडे तापून योग्य उष्णतेला येण्यास वेळ लागतो. मधेच वीज गेली की ते निवतात, आणि वीज परत आल्यावर पहिली काही पाकिटे कच्च्या शिवणीची निघतात. ती बाजूला काढण्याची शिस्त नसेल तर नेमकी तीच पाकिटे दुकानात पोचतात. ज्या खोलीत यंत्र बसवायचे तिची जोडणी कोणत्या प्रकारची आहे आणि किती भार मंजूर आहे, याची चौकशी ग्रामपंचायतीने वीज कार्यालयाकडे आधी करून ठेवावी.

फिल्मचा खर्च हा दुसरा अदृश्य खर्च होय. हँड सीलरला तयार पिशव्या चालतात, त्या शेकड्याने आणता येतात आणि त्यांवर छापील चिठ्ठी चिकटवली की काम भागते. फ्लो रॅपला रोल लागतो. त्यावर गटाचे नाव व चित्र छापून हवे असेल तर प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि छापणारे कारखाने ठराविक वजनाखाली मागणी घेत नाहीत. गटाने वर्षभराची फिल्म एकदम घेतली आणि मधेच पत्ता, परवाना क्रमांक किंवा किंमत बदलली, तर सारा रोल निरुपयोगी होतो. शिवाय सर्व फिल्म सर्व यंत्रांवर चालत नाही. साधे पॉलिथीन आणि बीओपीपी यांची वितळण्याची रीत निराळी आहे. एकासाठी लावलेली उष्णता दुसऱ्याला जाळते किंवा कच्ची ठेवते. यंत्र आणि फिल्म यांची निवड एकाच वेळी करावी लागते ती याचसाठी.

कायद्याचा भाग थोडक्यात. २०११ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांकही हवा. २०१८ च्या खाद्यवेष्टनविषयक विनियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास मनाई केली आहे. वजनाच्या बाबतीत एक बारकावा पापडवाल्या गटांनी अवश्य जाणून घ्यावा. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात एकट्या-दुकट्या पाकिटाला चालणारी तूट नऊ ग्रॅमची आहे, आणि तीही सरसकट सगळ्या पाकिटांत ठेवता येत नाही, सरासरी पूर्ण भरली पाहिजे. एक पापड बारा ग्रॅमचा धरला तर एक पापड कमी पडला की मर्यादा ओलांडली जाते. ‘सोळा पापड म्हणजे दोनशे ग्रॅम’ असे मोजून भरण्याची सवय म्हणून अपुरी आहे. प्रत्येक पाकीट काट्यावर गेलेच पाहिजे, आणि काट्यावर वैधमापन यंत्रणेची मुद्रा चालू मुदतीची असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मिठाईच्या खोक्यांभोवती घडी घालून चकचकीत पातळ फिल्म चढविणारी यंत्रे बाजारात जुनी व स्वस्त मिळतात. परंतु १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवरील हे प्लास्टिकचे आवरण येते. तसले यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून घेणे म्हणजे बंद पडलेल्या कामासाठी अवजार घेणे होय.

त्याच यादीत प्लास्टिकचे ध्वजही आहेत, आणि ध्वजाचा उल्लेख या दोन जिल्ह्यांत वेगळ्या अभिमानाने होतो. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे राष्ट्रध्वजासाठीची खादी विणली जाते, आणि मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या नांदेड येथील केंद्रात तिचे ध्वज तयार होतात. ध्वजाची प्रमाणित मापे नऊ आहेत. सर्वांत मोठा ध्वज ६,३०० बाय ४,२०० मिलिमीटरचा, तर मेजावरचा सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा. लहान ध्वज हीदेखील छोटी, चपटी वस्तूच. पण येथे यंत्रापूर्वी घडीचा प्रश्न येतो. ध्वज आडवा धरून केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याखाली दुमडायचा आणि मग पांढऱ्या पट्ट्याची घडी अशी घालायची की अशोकचक्र व त्यालगत केशरी आणि हिरव्या रंगाचा काही भाग दिसत राहील. अशी विहित घडी घालून ठेवलेल्या ध्वजाला पिशवीत सरकवून तोंड बंद करण्यापलीकडे यंत्राचे काम ते काय राहणार? नऊ मापे, प्रत्येकाची घडी निराळ्या जाडीची आणि मागणी पंधरा ऑगस्ट व सव्वीस जानेवारी यांच्या आधी एकवटणारी, अशा मालाला मापानुसार बदलता येणारे साधे साधनच मानवते. कापड न मोडणारे असल्यामुळे पापडाची भीती येथे नाही, परंतु घडीचा नियम तिच्याहून कडक आहे.

हंगामाचा प्रश्न पापडालाही आहेच. मार्च ते मे हा वाळवणाचा काळ. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत. तीन महिने चालणाऱ्या यंत्राचा हप्ता बारा महिने भरायचा असेल, तर उरलेल्या नऊ महिन्यांत त्याच यंत्रावर दुसरा कोणता माल निघेल, हे खरेदीपूर्वी ठरले पाहिजे. तालुक्यातील चिक्की करणारे चार-सहा गट एकत्र येऊन एक फ्लो रॅप यंत्र चालवू शकतात. मात्र पाळी कोणाची, बिघाडाचा खर्च कोणाचा, आणि सफाई कोणी करायची, हे लेखी ठरलेले असावे. सामाईक यंत्रावर शेवटच्या दिवसाची सफाई कोणाचीच नसते असा सार्वत्रिक अनुभव आहे.

अर्थसाहाय्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि गटातील प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपये बीजभांडवल अशी तरतूद करण्यात आली. पण हे अनुदान कर्जखात्याशी जोडलेले आहे. ते बँकेत वेगळे ठेवले जाते, आणि तीन वर्षांनंतर खाते नियमित व उद्योग चालू असेल तेव्हाच कर्जात वळते केले जाते. समजा, यंत्र सहा लाखांचे आहे. गटाने दहा टक्के म्हणजे साठ हजार भरले, २ लाख १० हजारांचे अनुदान मंजूर झाले, आणि दीड वर्षात यंत्र बंद पडले. मग गटाच्या डोक्यावर ३ लाख ३० हजारांचे नव्हे, तर ५ लाख ४० हजारांचे ओझे उभे राहू शकते. अनुदान आहे म्हणून मोठे यंत्र घ्यावे, हा सल्ला देणाऱ्याने हे गणितही त्याच बैठकीत मांडले पाहिजे.

शासकीय वा सामुदायिक खरेदीत विनिर्देश लिहिण्याचे काम अधिकारीवर्गाकडे येते. तेथे नुसते ‘स्वयंचलित पॅकिंग यंत्र, वेग मिनिटाला ६०’ असे लिहिले, तर सर्वांत कमी दराची निविदा येईल आणि तिच्यातून कोणते यंत्र येईल हे सांगता येणार नाही. वस्तूची लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांतील कमी-अधिक फरक किती, पाकिटात किती नग, फिल्म कोणती, वीज सिंगल की थ्री फेज, आणि तासाला चांगली पाकिटे किती निघाली पाहिजेत, हे त्यात असावे. ‘चांगली’ हा शब्द महत्त्वाचा. यंत्राचे फेरे मोजायचे नाहीत, विकण्याजोगी पाकिटे मोजायची. किमतीचा काही भाग यंत्र गावात बसून ठरलेले काम दाखवीपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी. हीटर, उष्णता मोजणारी तार, टेफ्लॉनची पट्टी, फिरते पट्टे आणि पाते या झिजणाऱ्या वस्तूंचा एक संच यंत्राबरोबरच घ्यावा, आणि दुरुस्तीचा माणूस कोठून व किती दिवसांत येईल हे करारात लिहून घ्यावे.

मागणी नोंदविण्यापूर्वी गटातील दोन भगिनींनी आपला वीस किलो माल आणि आपलीच फिल्म घेऊन विक्रेत्याकडे जावे. त्याच्या नमुन्यावर यंत्र नेहमीच उत्तम चालते. आपल्या मालावर ते दोन तास सलग चालवून घ्यावे आणि मोडलेले नग मोजावेत. कठीण वाटल्यास सल्ल्यासाठी परभणी कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय जवळ आहे, आणि मुंबईत १९६६ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे.

शिवणीची परीक्षा मात्र गावातल्या शाळेतही होऊ शकते. बंद पाकीट बादलीतील पाण्याखाली धरून हलके दाबावे, बुडबुडे निघाले तर शिवण कच्ची. (२०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही बादली दिवसभर एकच वापरावी, पाणी बदलण्याचे कारण नाही.) दुसरी परीक्षा मेजाच्या उंचीवरून पाकीट सपाट व कडेवर टाकून पाहण्याची. तिसरीला वेळ लागतो. मे महिन्यात बांधलेल्या पाकिटांपैकी वीस पाकिटांवर तारीख व वजन लिहून ती शाळेच्या कपाटात ठेवावीत आणि ऑगस्टमध्ये, हवेत भरपूर ओल असताना, पुन्हा तोलावीत. शिक्षकांनी सातवीच्या मुलांकडून हा तक्ता करून घेतला तर मुलांना टक्केवारीचा धडा मिळेल. ज्या पाकिटाचे वजन वाढले त्याने ओल घेतली आहे. त्याच्या शिवणीवर कोणत्या दिवसाची, कोणत्या सीलरची खूण आहे, ते त्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहावे आणि तो तक्ता गटाच्या पुढच्या बैठकीपुढे ठेवावा.